आराखड्याने कादंबरी मरते, हे कुणी सांगितलं?

लिहू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक मत फार फिरतंय : अस्सल लेखक आराखडा आखत नाहीत, आखला तर पात्रं कठपुतळ्या होतात, आणि आखणी ही लिहिणं टाळायची सबब असते. पहिल्याच कादंबरीला हात घातलेली माणसं हे वाचून टिपणवही मिटून ठेवतात. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला मुद्दा चुकीचाच आहे. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाने १८७१ ते १८९३ या काळात २० कादंबऱ्यांची मालिका लिहिली. त्यातल्या बहुतेकींसाठी पात्रांची टिपणं आणि प्रकरणवार आराखडा त्याने आधी तयार केला होता. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनरने तर एका कादंबरीचा दिवसवार आराखडा घरातल्या अभ्यासिकेच्या भिंतीवरच लिहिला.

कठपुतळ्यांचा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण त्यामागची भीती खरी आहे. पण आराखडा म्हणजे करार नव्हे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या बहुतेक कादंबऱ्या मासिक भागांत निघत. प्रत्येक भागासाठी तो एक कागद घ्यायचा : उजव्या बाजूला प्रकरणं, डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमुक पात्र या भागात आणायचं का? पुढे उत्तर : हो, नाही, अजून नाही. हा माणूस पात्रांना दोरीने नाचवत नव्हता, त्यांच्याबद्दल विचार करत होता. रशियन लेखक दोस्तोयेव्स्कीने 'गुन्हा आणि शिक्षा'चा आराखडा १८६५ मध्ये संपादकाला पत्राने कळवला. त्याच वर्षी बरंच लिहून झालेलं जाळून टाकलं आणि नव्या आराखड्यानिशी पुन्हा सुरुवात केली. आधीच्या आखणीने त्याचे हात बांधले नाहीत.

उरला सबबीचा मुद्दा. आखणीतच वर्ष घालवणारे लोक असतात, मान्य. पण पहिली चार प्रकरणं झरझर उतरतात आणि सातव्यापाशी सगळं थांबतं, ही अडचण कितीतरी जास्त दिसते. नायिकेला नेमकं काय हवंय, हेच ठरलेलं नसतं. ते शंभर पानांनंतर कळण्यापेक्षा दोन पानांच्या टिपणात कळलेलं बरं.

भयकथांसाठी प्रसिद्ध अमेरिकन लेखक स्टीफन किंग कथानक आधी ठरवत नाहीत, हे उदाहरण हमखास पुढे येतं. खरं आहे, पण तेही एक ठोस प्रसंग हाती घेऊनच निघतात. ज्याला तसं जमतं, त्याने तसंच लिहावं. माझा वाद 'कुणीच आखू नये' या हुकमाशी आहे.

प्रत्येक प्रकरण आखायलाच हवं असं नाही. गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आड काय येतं, एवढं लिहा. शेवट ठाऊक नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. डिकन्सच्या कागदांवरही ती भरपूर आहेत.