‘गोळ्या संपल्या तरी नख पिवळंच’ : म्हापशातल्या त्वचारोग दवाखान्याचं उत्तर

नमस्कार,

आपण आमच्याबद्दलच्या ऑनलाइन अभिप्रायात एक तारा देऊन लिहिलंत की, चार महिने झाले, नखाच्या बुरशीवरच्या बारा आठवड्यांच्या गोळ्या संपल्या, तरी पायाच्या अंगठ्याचं नख पुढून पिवळंच आहे आणि आम्ही गोळ्या वाढवून देत नाही. पहिल्या दिवशी औषध द्यायचं सोडून नख कापून तपासणीला पाठवलं, रक्त काढायला लावलं आणि लेझर मागितला तर टाळाटाळ केली, हीही आपली तक्रार आहे. केसपेपरातलं काही आम्ही चव्हाट्यावर मांडत नाही. आपण स्वतः जे लिहिलंत, तेवढ्यालाच हे उत्तर.

पिवळं, भुगा झालेलं नख कुठल्याही औषधाने परत स्वच्छ होत नाही. जे दिसतं ते मेलेलं केराटिन, म्हणजे नख ज्याचं बनतं ते प्रथिन. नख तयार होतं मुळाशी, कातडीच्या दुमडीखाली. औषधाचं काम बुरशी मारण्याचं. बिघडलेला भाग मात्र नख वाढेल तसा पुढे सरकत जाऊन कापलाच जावा लागतो. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण १ ते १.५ मिलिमीटर वाढतं, म्हणजे चार महिन्यांत जेमतेम ४ ते ६ मिलिमीटर. अख्खं नख बदलायला १२ ते १८ महिने लागतात, उतारवयात किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्याहूनही जास्त. चौथ्या महिन्यात टोक पिवळं असणं हे औषध हरल्याचं लक्षण नव्हे. बघायचं ते मुळाकडे.

नखावर कानशीने जी बारीक आडवी रेघ मारली जाते, ती याचसाठी. निरोगी भाग संपून पिवळा सुरू होतो, बरोबर त्या सीमेवर ती असते. नख वाढतं तशी रेघ पुढे सरकते. पिवळेपणा रेघेच्या पुढेच राहिला आणि मागून गुलाबी, गुळगुळीत नख येत असेल, तर बुरशी थांबली. पिवळेपणा रेघ ओलांडून मुळाकडे आला, तर औषध लागू पडत नाही आणि नव्याने विचार करायला हवा. घरी बघायचं तर खिडकीजवळच्या उजेडात, दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढा आणि दुमडीपासून रेघेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. रोज निरखत बसलात तर फरक कधीच दिसणार नाही.

गोळ्या न वाढवण्याचं कारणही यातच आहे. बुरशी मारणारी गोळी टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, दिवसाला एक. हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२. या मुदतीत औषध नखात मुरतं आणि गोळी बंद केल्यावरही पुढचे काही महिने तिथे टिकून राहतं. नख दिसायला स्वच्छ होईपर्यंत गोळ्या चालू ठेवायच्या, तर वर्षभर यकृतावर विनाकारण भार. रेघ सरकत नसेल किंवा पिवळेपणा ती ओलांडत असेल, तर पुन्हा नमुना तपासून मगच दुसरा कोर्स किंवा दुसरं औषध ठरतं.

आता तपासणी. बिघडलेल्या नखांपैकी जवळपास निम्म्यांमध्येच बुरशी निघते. बाकीच्यांत सोरायसिस, लायकेन प्लॅनस असे त्वचेचे आजार, नाहीतर नुसता मार. फुटबॉलच्या बुटात दबून काळी, जाड झालेली नखं, हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर सेफ्टी शूज घालणाऱ्यांची नखं लांबून बुरशीसारखीच दिसतात. अशा नखाला तीन महिने गोळ्या खाऊ घालण्यात काय अर्थ? नमुनाही नुसतं टोक कापून चालत नाही. नख स्पिरिटने पुसायचं, सुटलेला भाग मागेपर्यंत कापायचा आणि नखाखालचा भुगा जितका मुळाच्या जवळून खरवडता येईल तितका घ्यायचा, कारण जिवंत बुरशी तिथे असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नख मऊ करून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू बघतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, चार आठवड्यांपर्यंत लागतात. आधीपासून मलम चालू असेल तर बुरशी असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो, म्हणून ते काही आठवडे थांबवायला सांगतात.

रक्ततपासणी यकृतासाठी. टर्बिनाफिन बहुतेकांना सोसतं, पण क्वचित यकृताला सूज येते. आधीच यकृताचा त्रास असेल किंवा रोजची फेणी असेल (हे लपवू नका, आम्हाला हिशेब मागायचा नाही), तर ते गोळी सुरू करण्याआधी कळलेलं बरं. कोर्समध्ये लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर गोळी त्याच दिवशी बंद करून दवाखान्यात या. काहींची चव जाते, हुमण (माशांची आमटी) पाणचट लागतं. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ती बहुधा परत येते, पण तेही लगेच कळवायचं. पर्यायी औषध इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असणाऱ्यांना चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर त्याची कॅप्सूल नीट शोषली जात नाही.

लेझर टाळला, कारण त्याने नख काही काळ स्वच्छ दिसू शकतं, पण बुरशी मुळापासून जाते याचा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यतासुद्धा ‘नख तात्पुरतं स्वच्छ दिसण्या’पुरतीच आहे. एवढा खर्च करायला लावणं आम्हाला पटत नाही. लावायचं औषध म्हणाल, तर निम्म्याहून कमी नख बिघडलंय आणि मूळ शाबूत आहे, तिथे अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं बुरशीनाशक) उपयोगी पडतं: आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आधी नख घासून, स्पिरिटने पुसून. तेही ९ ते १२ महिने. जाडजूड नखावर नुसतं चोपडलं तर ते वरच वाळतं. फेणी, लिंबू, व्हिनेगर यांचीही तीच गत.

फार्मसीतून घेतलेल्या ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मलमाचाही आपण उल्लेख केलात. त्यात बहुधा क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड असतं. बोटांमधली खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि बुरशी आत निवांत पसरत राहते. ते ताबडतोब बंद करा. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, ओली कातडी किंवा तळव्याला कोरडे पापुद्रे असतील, तर ती नखातलीच बुरशी असू शकते. तिच्यावर साधं बुरशीनाशक मलम लावलं नाही, तर बऱ्या झालेल्या नखात ती पुन्हा शिरते. घरातल्या इतरांचे पायही एकदा बघून घ्या.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बूट वाळतच नाहीत, हे खरं दुखणं. दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून घाला. काढल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा. मोजे सुती, रोज बदललेले, गरम पाण्यात धुतलेले. कामावर सक्ती नसेल तिथे पावसात उघडी चप्पल बरी. आजारी नखाचा नेलकटर वेगळा ठेवा. तोच चांगल्या नखांना लावलात तर बुरशी स्वतःच्या हाताने पेराल. नख सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. मधुमेह असेल तर ब्लेड अजिबात नको, छोटीशी जखमही पायभर चिघळू शकते.

पुढच्या वेळी नेलपॉलिश न लावता आणि नख न कापता या. रेघ किती सरकली ते आपल्यासमोर मोजू. पिवळ्या नखात पांढरट-पिवळा उभा पट्टा दिसत असेल तर त्याआधीच या. तिथे बुरशीचा घट्ट गोळा असतो, गोळीचं औषध त्यात शिरत नाही. तेवढा भाग कापून किंवा युरिया ४० टक्के लेप बांधून मऊ करून काढावा लागतो. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचारोग विभागात दुसरं मत घ्यायचं असेल, तर जरूर घ्या. मूळ रिपोर्ट आपलेच आहेत, काउंटरवरून घेऊन जा.

– व्यवस्थापन