कर्ज होतं ते भरती व्हायच्या आधी

पुण्यात नोकरीला असलेला माझा एक मित्र भेटला की विचारतो, "अरे, आता सगळ्या रेशनकार्डांना पाच लाखांच्या मोफत उपचारांची योजना आहे. मग तुमच्या मराठवाड्यातले लोक दवाखान्यापायी अजून जमिनी का विकतात?" प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून उत्तर नीट लिहून काढतोय. फोनवर ते मावत नाही.

योजना आहे आणि ती चांगली आहे, हे आधी सांगतो. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, 2018 ला आयुष्मान भारत आली, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्यांना पाच लाखांचं कवच द्यायचा निर्णय घेतला. या योजनेतून बायपास झालेली, केमो घेतलेली, डायलिसिसवर असलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. योजना नसती तर त्यातली निम्मी आज नसती. तिला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडतो.

पण योजना सुरू होते भरती झाल्यावर. आमच्याकडचं कर्ज होतं त्याच्या आधी.

माझ्या चुलत्यांचं सांगतो. परभणी जिल्ह्यातलं गाव, पाच एकर कोरडवाहू. सकाळी धार काढताना उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. रक्ताची गाठ होऊन आलेल्या पक्षाघाताला ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सिटीस्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. आम्ही ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथे एक तरुण डॉक्टर एकटे. त्यांनी बीपी बघितलं, सलाईन लावली आणि पुढे न्यायची चिठ्ठी लिहून दिली. त्यांना दोष देणार नाही. फिजिशियनची जागा रिकामी, स्कॅनचं मशीन नाही, बिचारे काय करणार? तिथून जिल्ह्याच्या गावी खासगी दवाखान्यात. स्कॅनचे पैसे रोख, आयसीयूचं डिपॉझिट रोख, औषधं खालच्या मेडिकलमधून रोख. मग "संभाजीनगरला हलवा". गाडीवाल्याचे रोख. शेवटी योजनेतल्या दवाखान्यात पोचलो, तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने, आधार आणि रेशनकार्ड घेतलं, आणि तिथून पुढे खरोखर एक रुपया लागला नाही. पण तोवर चुलतीची पोत गहाण पडली होती आणि चुलतभावाने शेकडा पाचने पैसे उचलले होते. शेकडा पाच म्हणजे महिन्याला. वर्षाचे साठ टक्के.

आणि घरी आल्यावर? रक्त पातळ ठेवायची गोळी, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, सगळ्या जन्मभर. फिजिओथेरपीला तालुक्याला जायचं तर सोबत एक माणूस, म्हणजे त्याचाही रोज बुडाला. डिस्चार्जनंतरची थोड्या दिवसांची औषधं योजना देते. त्यापुढचं ज्याचं त्याने बघायचं.

हा खर्च गावात रुपयांत कळत नाही, क्विंटलमध्ये कळतो. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पट्टी त्याच्या बरीच खाली निघत होती. एका एमआरआयला दीड-दोन क्विंटल जातं. कोरडवाहू एकराला पाऊस धड झाला तर पाच-सहा क्विंटल होतं. आता हिशोब करा.

देशाचा आकडाही हेच सांगतो. आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला असं सरकारी हिशोब म्हणतो. कमी झाला, चांगलं झालं. पण अजूनही शंभरातले चाळीस रुपये आजारी माणूस स्वतः काढतो, आणि त्यातला मोठा भाग औषधांचा आहे. ओपीडीतल्या रोजच्या औषधांना पाच लाखांचं कार्ड चालत नाही.

म्हणून सुधारणेची चर्चा "कवच पाचचं दहा लाख करा" इथे येऊन थांबते तेव्हा मला राग येतो. कवच वाढवून माझ्या चुलत्यांचा एक रुपया वाचला नसता. ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन आणि जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात चालू सिटीस्कॅन असतं, तर कर्जही वाचलं असतं आणि कदाचित हातही.

ऑक्टोबर 2023 आठवा. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात लेकरं होती. औषधं होती की नव्हती यावर पुष्कळ वाद झाला. रुग्णालयाने सांगितलेल्या एका गोष्टीकडे मात्र कमी लोकांनी बघितलं, की यातले अनेक रुग्ण शेवटच्या अवस्थेत तिथे आणले गेले होते. शेवटच्या अवस्थेत का येतात? आधी जवळ जे असेल तिथे पैसा संपतो, मग सरकारी आठवतं. सगळं ओझं संभाजीनगरचं घाटी, नांदेडचं विष्णुपुरी आणि अंबाजोगाई या सरकारी रुग्णालयांवर येऊन पडतं. अंबाजोगाईचं कॉलेज ग्रामीण भागासाठीच सत्तरच्या दशकात सुरू झालं. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीलाही सरकारी मेडिकल कॉलेजं आली आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण जिल्ह्याला कॉलेज झालं म्हणून तालुक्याची रिकामी खुर्ची आपोआप भरत नाही.

आणि तालुक्याला सरकार नसलं की काय होतं, हे बीडने दाखवलंय. 2019 मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण विधिमंडळात गाजलं, समिती नेमली, पाहणी झाली. 82 हजारांहून जास्त बायांची पाहणी, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, एवढ्या तक्रारीवर "कॅन्सर होईल" अशी भीती घातल्याचं अनेक बाया सांगत होत्या. उसाच्या फडात एक दिवस खाडा झाला तर मुकादम, म्हणजे तोडीला नेणारा ठेकेदार, पैसे कापतो, त्याच्याकडून आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून बाईही म्हणते, काढून टाका एकदाचं. ऑपरेशनचे पैसे पुन्हा मुकादमाकडूनच उचल. त्या बाईला वेळेवर तपासणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि काही दिवसांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळाल्या असत्या, तर कित्येक ऑपरेशनं टळली असती. यावर मी कितीही लिहिलं तरी कमीच आहे.

खासगी डॉक्टरांचीही बाजू आहे. तालुक्याला प्रामाणिकपणे दवाखाना चालवणारे मी बघितलेत. योजनेचे दर परवडत नाहीत आणि बिलं रखडतात, ही त्यांची तक्रार ऐकायलाच हवी. दर वाजवी करा, पैसे वेळेवर द्या, आणि मग जो योजनेच्या रुग्णाकडून वरून पैसे घेईल त्याची नोंदणी रद्द करा. नर्सिंग होमच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालंय. तुमच्या गावात किती ठिकाणी लावलंय? दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 चा आहे, महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आणि दर बांधता येत नाहीत असं कुणी सांगू नये. 2017 मध्ये स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची, कमाल किंमत ठरवली, तेव्हा लाखाच्या वर विकला जाणारा स्टेंट तीस हजारांच्या आत आला.

औषधांसाठी तमिळनाडूकडे बघा. नव्वदच्या दशकापासून त्यांचं सरकारी महामंडळ राज्यभराची औषधं एकत्र खरेदी करून गोदामांतून दवाखान्यांना पुरवतं. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरसकट सगळं मोफत आहे. मोफत आहे, पण गोळीच शिल्लक नाही म्हणून "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी मिळत असेल, तर त्या मोफतचं काय करायचं?

मी आमच्या तालुक्यापुरता माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय: तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, सोनोग्राफी कोणत्या वारी होते, गेल्या वर्षभरात कोणती औषधं किती दिवस संपलेली होती. मजकूर तयार आहे. मराठवाड्यात कुठेही असाल तर खाली तालुक्याचं नाव लिहा, मी पाठवतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे द्यायचा. पोच घ्यायला विसरू नका.