भायखळ्याच्या भिंतीवरची पिंक

आज सकाळी भायखळा स्टेशनवर एकाने माझ्या डोळ्यांदेखत जुन्या दगडी भिंतीवर पचकन पिंक टाकली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. मी "अहो!" म्हणेस्तोवर तो डब्यात शिरलासुद्धा.

अरे, ही भिंत कुठली, माहीत आहे का? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला 14 डब्यांची गाडी गेली, ती इथूनच. तेव्हा इथे लाकडी स्टेशन होतं. मग चारेक वर्षांत दगडी उभं राहिलं, ते हे. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेटांनी खटपट केली, आपण काय केलं? पिंका टाकल्या.

गिरणी संपाच्या वर्षी, म्हणजे 1982 ला, माझे बाबा रोज सकाळी डबा घेऊन भांडुपहून निघायचे. चाळीत सांगायचे, गेटसभेला चाललोय. सभा काय रोज असते? बसायचे ते भायखळ्याच्या बाकावर. दुपारी तिथेच डबा खायचे आणि पहिली पाळी सुटायच्या हिशेबाने घरी यायचे. एकदा मला घेऊन गेले होते. भाकरी, लसणाची चटणी. "आईला सांगू नको," एवढंच म्हणाले.

2022 ला हे स्टेशन दुरुस्त होऊन पुन्हा उजळलं, त्याला युनेस्कोचा वारसा जतनाचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. बातमी वाचली आणि मुद्दाम जाऊन त्या भिंतीला हात लावून आलो. बाबा असते तर म्हणाले असते, दगड घासलेत, बाकं कमी केली नाहीत ना? माणसाला टेकायला जागा लागते.

हो, पुरस्काराने गर्दी कमी होत नाही, मान्य. पण म्हणून थुंकायचं?

माझी आधीची पोस्ट याहून जहाल होती. दंड, फोटो, चौकात नाव लावा, सगळं लिहिलं होतं. मग आठवलं, बाबाही तंबाखू मळायचे. बार भरून झाला की उठायचे, फलाटाच्या पार टोकाला जायचे, रुळावर थुंकून परत जागेवर. चांगलं नव्हतंच ते. पण उठायचे तरी. नोकरी नाही, पगार नाही, आणि तरी भिंतीला पाठ टेकायच्या आधी शर्ट झटकायचे.

दोन गाड्या सोडल्या मी आज. बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने पुसत बसलो. एक भाजीवाल्या मावशी पाटी डोक्यावर घेऊन बघत उभ्या. "राहू द्या हो, उद्या परत थुंकतील," म्हणाल्या आणि स्वतःच्या बाटलीतलं उरलेलं पाणी पण ओतून गेल्या.

डाग फिका झालाय. गेला नाही.