‘बॅरल बदललं की झालं’ म्हणणाऱ्यांना

पंचवीस मीटरच्या रेंजवर दोन-चार वर्षं काढलेल्या नेमबाजाच्या कानावर हे कधी ना कधी पडतंच, आणि हल्ली ते लिहून पुढेही पाठवलं जातं: “.२२ चं चांगलं पिस्तूल हाताशी असेल तर सेंटर फायरसाठी वेगळं कशाला? बॅरल बदललं की .३२ तयार. मूठ तीच, ट्रिगर तोच, म्हणजे सवयही तीच. शिवाय मोठ्या गोळीचं भोक मोठं, त्यामुळे गुणही जास्त.” (.२२ आणि .३२ ही कॅलिबरची, म्हणजे नळी-गोळीच्या व्यासाची, इंचातली मापं; सेंटर फायर ही मोठ्या कॅलिबरची पंचवीस मीटर स्पर्धा.) यातलं थोडंसं खरं आहे. तेवढ्याच्या आधारावर बाकीचं खपून जातं.

“बॅरल बदललं की .३२ तयार.”

झाडलेल्या दोन पुंगळ्या तळहातावर घेऊन बघा. .२२ च्या पुंगळीच्या बुडाला, अगदी काठावर, चिमटा काढल्यासारखी खूण असते. .३२ च्या पुंगळीवर तीच खूण बरोबर मधोमध, गोल खळग्यासारखी. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस, त्यातला ठिणगीचा मसाला काठाच्या घडीत भरलेला असतो. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगमध्ये प्रायमर मध्यभागी. म्हणजे फायरिंग पिनने टोला कुठे मारायचा, हेच बदललं. पिन बदलली म्हणजे ती ज्यात बसते तो, काडतुसाला मागून टेकणारा बोल्ट बदलला.

एवढ्यावर भागत नाही. .२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, .३२ ची वॉडकटर (कागदाला स्वच्छ भोक पाडणारी सपाट तोंडाची गोळी) साधारण ६.४ ग्रॅमची. या वर्गातली बरीचशी पिस्तुलं ब्लोबॅक तत्त्वावर चालतात: बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्याच बळावर तो गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तग धरतो. जड गोळीसाठी त्यामुळे बोल्टचं वजन आणि स्प्रिंग दोन्ही वेगळी लागतात. मॅगझिन तर वेगळं हवंच. वॉडकटरची सपाट गोळी पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवलेली असते आणि मॅगझिनची लांबी त्याच मापाची असते. गोल नाकाची .३२ लाँग त्यात मावतच नाही. ७.६५ ब्राउनिंगलाही लोक ‘बत्तीस’च म्हणतात, पण ते काडतूस निराळं. आकड्यावर जाऊन डबा उचलला की फसगत ठरलेली.

आता हिशेब करा: नळी, बोल्ट, स्प्रिंग, मॅगझिन. फ्रेमच्या वरचं जवळपास सगळंच बदललं की! राहिलं काय, तर फ्रेम आणि मूठ. वाल्थर कंपनीचं जीएसपी पिस्तूल १९६८ मध्ये आलं ते याच विचाराने. त्याचा वरचा भाग अख्खा उतरतो आणि .३२ चा अख्खा चढतो. सिगचं पी २४०, हॅमर्लीचं २८० हीसुद्धा अशीच, एकापेक्षा जास्त कॅलिबरचा विचार पहिल्या आराखड्यापासून केलेली. तिथे कन्व्हर्जन, म्हणजे असा कॅलिबरबदल, उत्तम चालतं, आणि ते कारखान्याने त्या मॉडेलसाठी दिलेल्या संचामुळे चालतं.

जे पिस्तूल मुळात .२२ पुरतंच घडवलंय त्यात कोणी ‘जमवून देतो’ म्हणत असेल, तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. हलका बोल्ट वेळेआधी उघडला तर पुंगळी आत दाब असतानाच चेंबरबाहेर (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेबाहेर) येते आणि फाटते, तीही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. कारागीर किती हुशार आहे, याचा इथे संबंध नाही.

“.२२ शॉर्टचं जुनं रॅपिड फायर पिस्तूलही असंच लाँग रायफलवर नेता येतं.”

हे मुख्य दाव्याचं धाकटं भावंड. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत रॅपिड फायरला (पंचवीस मीटरवरच्या झटपट नेमबाजीच्या स्पर्धेला) .२२ शॉर्ट चालत असे. पुढच्या वर्षापासून नियम बदलले, लाँग रायफल आली, ट्रिगर ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागावा अशी अट आली आणि कितीतरी सुंदर पिस्तुलं एका रात्रीत शोकेसमध्ये गेली. दोन्हींच्या नळीचा व्यास तोच, म्हणून लोकांना वाटतं की चेंबर तेवढं लांब करायचं. पण शॉर्टची पुंगळी १०.७ मिलिमीटर, लाँग रायफलची १५.६. मॅगझिन तिथेच बाद. आणि त्या पिस्तुलांचा हलका बोल्ट शॉर्टच्या मवाळ धक्क्यासाठी बेतलेला. ज्यांच्याकडे वाल्थर ओएसपी होतं त्यांचं मात्र फावलं, कारण त्या फ्रेमवर जीएसपीचा वरचा भाग चढवायची सोय होती.

“मूठ तीच, ट्रिगर तोच, म्हणजे सवयही तीच.”

ट्रिगरचं मान्य. आज स्टँडर्ड पिस्तूल (.२२ ची पंचवीस मीटर स्पर्धा) आणि सेंटर फायर दोन्हींना किमान १००० ग्रॅम. पूर्वी सेंटर फायरला १३६० ग्रॅम लागत, म्हणून जीएसपीचं ट्रिगर युनिटही वेगळं लावलं जाई. ती कटकट संपली. मूठही तीच राहते, आणि हा फायदा छोटा नाही. स्वतःच्या हाताला बसलेली मूठ घडवायला किती महिने जातात, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पण सवय? पहिल्यांदा .३२ चढवून उभा राहिलो तेव्हा प्रिसिजनच्या, म्हणजे सेंटर फायरच्या सावकाश टप्प्याच्या, पहिल्या पाच गोळ्या बऱ्या गेल्या. ड्युएलिंगला, म्हणजे झटपट टप्प्याला, सगळे फटके खाली डावीकडे. वाटलं, साइट हलली. शेजारच्या ज्येष्ठ नेमबाजाने काही न बोलता माझ्या मॅगझिनमध्ये मध्येच एक रिकामी पुंगळी घातली. ती वेळ आल्यावर पिस्तुलाचं तोंड माझ्याच हाताने खाली दाबलेलं सगळ्यांनी पाहिलं. आवाज झाला नव्हता, धक्का नव्हता, तरी मी दचकलो होतो.

लोक समजतात की जास्त धक्क्यामुळे दुसऱ्या गोळीला उशीर होतो. सेंटर फायरमध्ये तसं होत नाही. ड्युएलिंगला ३ सेकंद लक्ष्य समोर, ७ सेकंद पाठमोरं, आणि दर वेळी एकच गोळी. सावरायला वेळ भरपूर. घोटाळा होतो तो गोळी सुटायच्या आधी, डोक्यात. पाच गोळ्या १० सेकंदांत सोडायच्या असतात त्या स्टँडर्ड पिस्तुलात, आणि तिथे .२२ च असतं.

साइटचंही तेच. .३२ ची वॉडकटर संथ, नळीत जास्त वेळ रेंगाळते. तेवढ्यात धक्क्याने नळीचं तोंड उचलायला लागलेलं असतं, म्हणून फटका बहुधा वर जातो. कॅलिबर बदललं की झिरो, म्हणजे साइट आणि फटका यांचा मेळ, नव्याने करायचा.

“मोठं भोक, जास्त गुण.”

सर्वांत आवडता आणि सर्वांत चुकीचा मुद्दा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) सेंटर फायरमध्ये ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर चालतं, पण कागदी लक्ष्यावर गुण तपासायचा गेज (भोकात घालायचं माप) सगळ्यांना ९.६५ चाच. .३२ वाल्याचं भोक लहान असलं तरी रेषा तुटली की नाही हे .३८ वाल्याइतक्याच मापाने ठरतं. म्हणूनच तर जाणकार कमी धक्क्याच्या .३२ कडे वळले. आणि .२२ च्या स्पर्धेत .३२ चालतच नाही, त्यामुळे ‘जास्त’ कोणापेक्षा, हा प्रश्नच उरतो.

कॅलिबरने गुण खरंच बदलतात ते आयपीएससीत (हालचाल करत खेळायच्या प्रॅक्टिकल नेमबाजीत), आणि तिथे हा दावा करणारे नेमके उलट्या दिशेने जातात. .४० च्या पिस्तुलात ९ मिलिमीटरची कन्व्हर्जन नळी बसवली की काडतुसं स्वस्त पडतात, पण स्टँडर्ड विभागात मेजरसाठी (जोरदार काडतुसांच्या, जास्त गुणांच्या वर्गासाठी) गोळी किमान १० मिलिमीटरची लागते. तुम्ही मायनरमध्ये, म्हणजे कमी गुणांच्या वर्गात, जाता: लक्ष्याच्या मधल्या भागाबाहेरच्या सी झोनला ४ ऐवजी ३, डीला २ ऐवजी १. सरावाला ठीक, सामन्याला विचार करून. ९ वरून .४० कडे तर या वाटेने जाताच येत नाही. .४० च्या पुंगळीची रिम (बुडाची कड) मोठ्या व्यासाची, ९ च्या बोल्टच्या तोंडात ती बसतच नाही.

शेवटी कागदपत्रं. अनेक देशांत परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असतं आणि जादा नळी किंवा वरचा भाग स्वतंत्र नोंदवावा लागतो. संच मागवण्याआधी ते विचारून घ्या, नंतर नाही.

माझं पिस्तूल अजूनही दोन्ही कॅलिबरचं आहे, तक्रार नाही. डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे: .२२ वरून .३२ ला साइट किती क्लिक खाली, आणि परत येताना किती वर. पहिल्या वर्षी दुसरा आकडा लिहायचा राहिला होता, त्याची किंमत एका स्टँडर्ड पिस्तूल सामन्यात पहिल्या पाच गोळ्यांनी वसूल केली.