उटीत जन्मलेला कॉव्हेंट्रीकर

२०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीच्या मुद्द्यावरून मारहाण झाली आणि तिची चित्रफीत आमच्या चिंचवडच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर आली, तेव्हापासून एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या बालमित्राने त्या चित्रफितीखाली मला उद्देशून लिहिले होते, ‘तू इंग्लंडात निमूट त्यांच्यात मिसळलासच ना? मग यांनाच काय धाड भरली आहे?’ महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकलीच पाहिजे, याबद्दल आमच्यात वाद नाही. पण माझी इथली एकोणीस वर्षे त्याने थपडेच्या समर्थनासाठी वापरावीत, हे मला फार लागले.

निमूट मिसळण्याची गोष्ट करायची, तर ज्या शहरात मी राहतो त्या कॉव्हेंट्रीचीच करू. ‘द स्पेशल्स’ हा बँड इथला. १९७७ मध्ये तो उभा राहू लागला आणि नाव झाले तेव्हा त्यात सात जण होते. नेव्हिल स्टेपल आणि लिनव्हल गोल्डिंग हे दोघे कृष्णवर्णीय, जमैकात जन्मलेले आणि लहानपणी इंग्लंडात आणलेले. बाकीचे पाच गोरे. गायक टेरी हॉल अस्सल कॉव्हेंट्रीकर, पण ज्याच्या डोक्यातून हा सगळा खटाटोप निघाला तो जेरी डॅमर्स मात्र जन्मला आपल्याकडे, उटीला, एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या घरात. या सात जणांत मूळचा कोण आणि उपरा कोण, हे माझ्या मित्राने मला सांगावे.

महत्त्वाचे हे, की मिसळताना दोन्ही बाजू हलल्या. स्का हे जमैकाचे संगीत. त्यात गिटारचा झटका ठेक्यावर न पडता दोन ठेक्यांच्या मधल्या जागेत पडतो. गोऱ्या मुलांनी ती मधली जागा पकडायला शिकून घेतली, त्यात पंक रॉक संगीताची धग घातली आणि वर शब्द आले ते इथल्या कारखान्यांच्या गावातल्या उच्चारांत. १९७९ मध्ये डॅमर्सने ‘टू टोन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली, तिची खूण काळ्यापांढऱ्या चौकटींची. त्याच वर्षी त्यांनी ‘अ मेसेज टू यू, रूडी’ हे १९६७ चे जुने गाणे नव्याने केले, तेव्हा मूळ ध्वनिमुद्रणात ट्रॉम्बोन वाजवलेल्या रिको रॉड्रिगेझ यांनाच त्यांनी वाजवायला बोलावले. ज्याच्याकडून घेतले त्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी उभे करून पोरे वाजवत होती. गटावर ज्याला ‘भेसळ’ म्हणतात, तिच्यात हा आदर कुठे बसतो?

माझ्या शेजारी राहणारे वृद्ध गृहस्थ तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात होते. बँडच्या थेट मैफलीतल्या गाण्यांचा एक संच १९८० च्या सुरुवातीला देशात पहिल्या क्रमांकावर गेला. त्याची एक बाजू इथल्याच ‘टिफनीज’ नाचघरात मुद्रित झालेली आहे. हे शेजारचे आजोबा त्या नाचघराची गोष्ट सांगताना उभे राहतात, गुडघे किंचित वाकवतात आणि कोपरे अंगाशी धरून जागच्या जागी हलू लागतात. त्यांच्या बायपासनंतरही मी हे पाहिले आहे.

हे सगळे गोडीगुलाबीने झाले, असे मी म्हणत नाही. मैफलीत नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाची मुले घुसत. गोल्डिंगला १९८० मध्ये लंडनच्या रस्त्यावर वर्णद्वेषी टोळक्याने बेदम मारले. १९८१ च्या एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीच्या भर मध्यवस्तीत एका शीख तरुणाचा खून झाला, आणि जूनमध्ये या बँडने वर्णद्वेषाविरुद्ध शहरातल्या क्रीडांगणावर मैफल केली. ‘घोस्ट टाउन’ हे त्यांचे गाणे जुलैत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, तेव्हा लिव्हरपूलपासून साउथॉलपर्यंत दंगली पेटल्या होत्या आणि इथे ट्रायम्फ मोटारींचा कॅनलीचा कारखाना बंद पडून वर्ष होत आले होते. रोजगार गेला की माणसे शेजाऱ्याचा रंग मोजायला लागतात. आमच्या गटावरची चर्चाही नोकऱ्यांपासूनच सुरू होते.

मित्र म्हणेल, बँड फुटलाच ना. फुटला. ते गाणे शिखरावर असतानाच हॉल, स्टेपल आणि गोल्डिंग यांनी बाहेर पडायचे ठरवले होते, आणि हे तिघे बाहेर पडले ते एकत्र, एक गोरा आणि दोन काळे. मागे राहिलेल्या डॅमर्सने १९८४ मध्ये मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे गाणे देशाच्या ओठांवर आणले. पुढे बाकीचे पुन्हा जमले आणि २०१९ मध्ये त्यांचा गाण्यांचा संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. २०२२ च्या डिसेंबरात टेरी हॉल गेला तेव्हा शेजारच्या आजोबांनी दोन दिवस दारावरची घंटा ऐकली नाही, की ऐकूनही दार उघडले नाही, हे मला ठाऊक नाही.

पिंपरीत माझे वडील ज्या कारखान्यात होते, तिथे लातूरचे, सोलापूरचे, बिहारचे आणि केरळचे लोक एकाच कँटीनमध्ये जेवत. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार घालताना आरतीची सुरुवात करायचे ते एक मल्याळी टर्नर. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांना मराठी कुणी थपडा मारून शिकवली नव्हती. हे माझ्या मित्राने माझ्याबरोबर पाहिले आहे, म्हणून त्याचा राग जास्त येतो.

मी हे सगळे गटावर लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते, ‘तू आता तिकडचा झालास, तुला काय फरक पडतो?’ त्यावर मला काही सुचले नाही, कारण त्याच्या पहिल्या प्रश्नालाही मी खरे उत्तर दिले नव्हते. मी मिसळलो का? कचेरीत इंग्रजी बोललो, कौन्सिल टॅक्स वेळेवर भरला आणि शनिवार-रविवार मराठी मंडळींतच घालवले. आजोबा आमच्या गणपतीला एकदाही आलेले नाहीत, कारण मी त्यांना बोलावलेले नाही. माझ्या मुलीच्या तोंडी मात्र टेरी हॉलचेच उच्चार आहेत. मी मराठीत विचारतो आणि ती त्या उच्चारांत उत्तर देते. ज्या भाषेसाठी मित्र तिकडे भांडतो, ती माझ्या घरात माझ्यापाशी थांबते आहे.

त्या ‘टिफनीज’च्या इमारतीत पुढे शहराचे ग्रंथालय आले. मुलगी लहान असताना दर शनिवारी आम्ही तिथे जात असू. एका कपाटात गुजराती आणि पंजाबी पुस्तके होती. वाचकांनी मागितली म्हणून आणली, असे तिथल्या बाईंनी मला सांगितले होते, आणि मराठी हवी असतील तर भरायचा फॉर्मही दाखवला होता. तो मी घडी घालून खिशात ठेवला आणि कधीच भरला नाही.