डेन्मार्कच्या बायकांना समानता ‘आयती’ मिळाली म्हणे!

आठ मार्च जवळ आला की एक दावा फिरायला लागतो. ‘डेन्मार्कसारख्या देशात समानता संस्कृतीतच होती. तिथल्या बायकांना भांडावं लागलं नाही. सत्तरच्या दशकात काही जणींनी ब्रा जाळल्या, पुरुषद्वेषाची घोषणाबाज गाणी म्हटली, एवढंच.’ शेवटी आपल्याकडच्या स्त्रीवाद्यांना चिमटा असतोच.

‘संस्कृतीतच होती’ म्हणणाऱ्यांनी 1849 ची डॅनिश राज्यघटना बघावी. तिने मतदानाचा हक्क नाकारलेल्यांच्या यादीत नोकर, सरकारी मदतीवर जगणारे गरीब, गुन्हेगार आणि दिवाळखोर होते. बायकाही त्याच रांगेत. माटिल्डे आणि फ्रेडरिक बायर या नवराबायकोच्या पुढाकाराने 1871 मध्ये डॅनिश स्त्री-संघटना उभी राहिली. स्थानिक निवडणुकीतलं मत 1908 मध्ये मिळालं आणि संसदेचं 1915 मध्ये. घटनेपासून मोजली तर 66 वर्षं. एवढा वेळ लागलेल्या गोष्टीला आयती म्हणत नाहीत.

बरं, मत मिळालं म्हणून भांडण संपलं का? मे 1970 मध्ये कोपनहेगनच्या बसमध्ये काही बायका चढल्या आणि तिकिटाचे फक्त 80 टक्के पैसे देऊ म्हणाल्या. बायकांना पुरुषांच्या सुमारे 80 टक्केच पगार मिळतो, मग भाडं पूर्ण का? दंड झाला, पण मुद्दा देशभर पोचला. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये आला. बारा आठवड्यांपर्यंत स्त्रीच्या स्वतःच्या निर्णयाने गर्भपाताची मुभा 1973 मध्ये मिळाली. (भारताचा गर्भपाताचा कायदा त्याआधीचा, 1971 चा, फक्त आपल्याकडे निर्णय डॉक्टरच्या मताला बांधलेला होता.)

आता ब्रा. बसमधल्या बायका ‘लाल मोजेवाल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीवादी गटातल्या. 8 एप्रिल 1970 ला याच गटाच्या बायका कोपनहेगनच्या स्ट्रॉयट या बाजाररस्त्यावरून मुद्दाम भडक नटून चालत गेल्या: खोट्या पापण्या, केसांचे टोप, फुगवलेल्या ब्रा. नगरपालिकेच्या चौकात पोचल्यावर हा सगळा साज कचऱ्यात टाकला. घोषणा कुठली? ‘डेन्मार्क स्वच्छ ठेवा’, म्हणजे स्वच्छता मोहिमेचीच उचललेली. आग लागली ती फक्त नंतरच्या सांगोवांगीत.

राहिली गाणी, आणि खरा राग मला इथे येतो, कारण हे लिहिणाऱ्यांनी ती ऐकलेली नसतात. डॅनिश गायिका ट्रिले (1945–2016) साठच्या दशकात गायला लागली, आडनाव न लावता, एवढ्या एकाच नावाने. तिचा वारसा डॅनिश लोकगीतांचा. तिथे वाद्यांपेक्षा शब्दांना मान असतो आणि गायिका समोर बसून सांगितल्यासारखं गाते. 1975 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षातच, तिचं ‘हाय सोस्टर’ आलं आणि डॅनिश स्त्री-चळवळीचं गाणं होऊन बसलं. ते पुरुषांना उद्देशून नाहीच. एक बाई दुसरीला ‘काय गं, बहिणी’ म्हणते आहे. द्वेष करायला समोर कुणीतरी लागतं; इथे समोर मैत्रीण आहे. दोन वर्षांनी आलेल्या अल्बमचं नाव ‘आल्टिड हार याय लेंगसेल’, म्हणजे ‘मला सदैव ओढ लागलेली’. या नावाखाली कुणी घोषणा देत असेल, तर मी तरी तसा मोर्चा पाहिलेला नाही.

ती एकटीही नव्हती. 1974 मध्ये ऑर्हुस शहरात पाच बायकांचा रॉक बँड निघाला. त्यातली आन लिनेट पुढे देशभर गाजली. नाव ठेवलं ‘शिट अँड शनेल’. शनेल या अत्तरवाल्या फ्रेंच कंपनीला ते रुचलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं आणि बँडला ‘शिट अँड शालू’ व्हावं लागलं. या बायकांना विनोदबुद्धी नव्हती असंही अधूनमधून ऐकू येतं, म्हणून हा किस्सा.

आणि हो, त्या दाव्याचा आणखी एक अवतार आहे: ‘तिथे आता सगळं मिळालंय, मग स्त्रीवाद कशाला?’ ट्रिले 2016 मध्ये गेली. संमतीशिवाय ठेवलेला शरीरसंबंध म्हणजे बलात्कार, ही व्याख्या डॅनिश कायद्यात 1 जानेवारी 2021 ला लागू झाली.