सेंद्रिय सर्वांना हवे, पण ती तीन वर्षे कोणी सोसायची?

मुंबईतल्या ग्राहकाला आंबा सेंद्रिय हवा असतो, प्रमाणपत्रासह हवा असतो आणि भाव मात्र वाशीच्या घाऊक बाजाराचा हवा असतो, या प्रकाराचा मला आता मनापासून वीट आला आहे. दादा देवगडला बाग सांभाळतो, दादरला पेट्या घरोघरी पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असते. त्यामुळे दोन्हीकडची बोलणी मलाच खावी लागतात.

राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार आंब्यासारख्या बहुवार्षिक पिकाला पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी साधारणपणे 36 महिने रूपांतरणात, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात, काढावे लागतात. या काळात रासायनिक खत बंद, कीटकनाशक बंद, मोहर लवकर यावा म्हणून घालतात ते कल्टारही बंद. फळ मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचे नाही. नियम चुकीचा नाही, कारण जमिनीत मुरलेले औषध एका पावसाळ्यात निघून जात नाही. पण त्यापायी घटलेले उत्पन्न एकट्या बागायतदारानेच का सोसायचे?

मोहरावर तुडतुडे दिसले की निंबोळी अर्क फवारायचा, अवकाळी पावसाने तो धुऊन नेला की पुन्हा फवारायचा, आणि तेवढ्यात शेजारच्या बागेतला एचटीपी, म्हणजे जोरदार दाबाने औषध फवारणारा पंप सुरू झाला की वाऱ्यासोबत त्याचे औषध आपल्या कलमांवर येते. म्हणून हद्दीलगतची झाडे संरक्षक पट्ट्यात धरायची, त्यांची फळे वेगळी उतरवायची, वेगळी विकायची आणि या सगळ्याच्या नोंदी तपासनिसापुढे ठेवायच्या. एवढे सगळे करून पेटी दादरला आली की एखाद्या काकू सालीवरचा काळा ठिपका नखाने खरवडून पाहतात आणि विचारतात, ‘‘औषध नाही म्हणता, मग हा डाग कसला?’’ अहो काकू, औषध मारले नाही, म्हणूनच तर तो डाग आहे!

रूपांतरण सुरू आहे असे प्रामाणिकपणे सांगावे, तर ‘‘म्हणजे अजून सेंद्रिय नाहीच’’ म्हणून डझनामागे पैसे कमी करायला सांगतात. समोरच्या पदपथावर मात्र ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी पाटी लावलेला विक्रेता आमच्याहून चढा भाव घेतो आणि त्याच्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्राचे चिन्ह कोणी मागत नाही. (पाटी रंगवायला 36 महिने लागत नाहीत.)

यंदा पेटीचा भाव दादाने ठरवला आहे आणि तो कमी होणार नाही. ज्यांना परवडत नसेल त्यांनी खुशाल त्या पाटीवाल्याकडे जावे. फक्त त्याचा आंबा खाऊन झाल्यावर खरा सेंद्रिय कुठे मिळतो, हे विचारायला मला फोन करू नये.